तीन अक्षरांची वही

१

वही देवापुढून नाहीशी झाली होती.

शुक्रवारी सकाळी महादेवराव स्नान आटोपून, सोवळं नेसून देवघरात शिरले. देवांवर घालायला पाण्याचा तांब्या उचलला आणि तो तसाच खाली ठेवला. आदल्या दिवशी दिवेलागणीला बाळकृष्णाच्या डाव्या अंगाला शरयूनं ठेवलेली निळ्या पुठ्ठ्याची वही तिथं नव्हती. चौरंगाखाली नव्हती, पोथ्यांच्या गठ्ठ्यात नव्हती, फुलांच्या परडीखालीही नव्हती. हाक ऐकून शरयू धावत आली, तिनं त्या रिकाम्या जागेकडे एकदा पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं नीळकंठराव पुढे कितीदा तरी म्हणत.

नीळकंठराव शेजारचेच. एकोणीसशे अडतीस साल होतं ते, आणि त्या वेळी मलकापुरात काही हरवलं की लोक पोलिसांच्या आधी नीळकंठरावांकडे जात. पोलिसांकडे गेलं तर हरवलेलं मिळत नसे ते नसेच, वर शिपायांची सरबराई करावी लागे. नीळकंठरावांची एकतीस वर्षं टपालखात्यात गेलेली. ‘गणपतीच्या देवळामागं राहणाऱ्या, एक पाय अधू असलेल्या मामास’ एवढ्याच पत्त्याचं पत्र त्यांनी तीन दिवसांत त्या मामाच्या हातात ठेवलं होतं आणि ही गोष्ट ते वर्षातून दोनदा तरी ऐकवत. पत्र ज्याचं त्याच्या हातात पडलं पाहिजे, मग त्यात काहीही लिहिलेलं असो. बायको वारल्यावर त्यांच्याजवळ धर्म म्हणून एवढाच उरला होता.

पण या खेपेला त्यांचा स्वतःचाच जीव टांगणीला लागला होता, कारण ही वही लिहायची कल्पना त्यांची.

नागपूरच्या एका इंग्रजी साप्ताहिकानं मॅट्रिक झालेल्या मुलामुलींसाठी स्पर्धा काढली होती. ए, आर आणि टी ही तिन्ही अक्षरं ज्या इंग्रजी शब्दात येतात, मग ती कुठंही आणि कोणत्याही क्रमानं येवोत, असे जास्तीत जास्त शब्द शोधून पाठवायचे. पहिल्या नंबराला नागपुरात वसतिगृहात राहून कॉलेजचं सारं शिक्षण. नीळकंठरावांनी तो अंक आणून घरीच शिकून मॅट्रिक झालेल्या शरयूच्या पुढ्यात टाकला. महादेवरावांनी त्याच बैठकीत, चार लोकांसमोर, हसत हसत सांगून टाकलं, “पहिली आली तर धाडतो नागपूरले, माहा शब्द! नाही आली तर वैशाखात मालधक्क्यावरच्या कारकुनाशी लग्न.” कारकून बिजवर होता, वय चौतीस. शरयू सतरा वर्षांची.

मग तीन महिने त्या घरात दुसरं काही चाललं नाही. शाळेतल्या उद्धव मास्तरांनी शाळेची जाडजूड डिक्शनरी वापरायला दिली. शरयू रोज पानं चाळायची आणि सापडलेला शब्द पेन्सिलीनं टिंब करून वहीत उतरवायची. वॉटर बसतं, हार्ट बसतं, फादर बसतं, डॉटरही बसतं. मदर बसत नाही. दोन वर्षांची असताना आई गेलेल्या शरयूनं हे हसत सांगितलं आणि वर आत्याला चिडवलं, “तूही बसत नाहीस वं, आत्या.” गुरुवारी दुपारी शेवटचं पान झालं. तीन हजार चारशे बारा शब्द भरले होते.

वही शनिवारी नागपुरात पोचायला हवी होती. शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीची डाक साडेचारला बंद व्हायची, त्यानंतरची गाडी उपयोगाची नव्हती. नीळकंठरावांनी घड्याळ पाहिलं. सात वाजायला आले होते.

“दाराची कडी?” त्यांनी विचारलं.

“रातच्याले मीच लावली, सकाळी मीच काढली,” महादेवराव म्हणाले. “बाहेरून चिटपाखरू आलं नाही.”

म्हणजे वही नेणारा माणूस याच घरातला होता.

२

घरात माणसं तीन. महादेवराव, शरयू आणि महादेवरावांची थोरली बहीण सत्यभामाबाई. आणि कडी लागायच्या आधी येऊन गेलेले चौथे, उद्धव मास्तर. वही देवापुढे ठेवली त्याच वेळी ते डिक्शनरी परत न्यायला आले होते. देवघराच्या उंबऱ्याशी उभं राहून त्यांनी नमस्कारही केला होता. त्यानंतर वही कोणीच पाहिली नव्हती.

“मास्तरच!” महादेवराव ओसरीवर येरझारा घालत म्हणाले. “त्याची भाची प्रतिमा आहे नं याच स्पर्धेत. आपली पोट्टी पुढं जाऊन राह्यली हे त्याले दिसत होतं. दुसरं कोण नेईन?”

“तुम्ही,” नीळकंठराव म्हणाले.

महादेवराव थांबले. वकिलाकडे वीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, दुसऱ्यांवरचे आरोप ऐकायची सवय होती, स्वतःवरचे ऐकायची नव्हती.

“चार लोकांत शब्द दिला तुम्ही. पोरगी खरंच पहिली येते की काय, याची तुम्हाले धास्ती बसली. मुलाकडचे लोक तर घाई करून राह्यले. वही नसली की शब्दही राहते आणि लग्नही होते.”

“म्हणून का मी देवापुढची वस्तू चोरीन?” महादेवरावांचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. “खोटं काऊन बोलू नीळकंठराव? वही दिसली नाही तेव्हा माह्या मनाले जरासं बरंच वाटलं. मंग लाज वाटली. पण मी नाही नेली.”

नीळकंठराव न्हाणीघरात गेले. पहाटे पाणी तापवलेलं चुलाणं अजून कोमट होतं. ते उकिडवे बसले आणि राख काडीनं उकरली. कागद जळला की त्याची राख पापुद्र्यापापुद्र्यांनी बसते, आणि त्या जाड निळ्या पुठ्ठ्याचा कोपरा तरी उरलाच असता. चुलाण्यात कपाशीच्या पळकाट्यांच्या राखेशिवाय काही नव्हतं. स्वयंपाकाच्या चुलीतही नव्हतं.

चुलीशी सत्यभामाबाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, तांबड्या आलवणात गुरफटलेल्या, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. अकराव्या वर्षी विधवा झाल्या, केस उतरवले, तेव्हापासून भावाच्या घरी. आई गेलेल्या शरयूला त्यांनीच वाढवलं होतं.

“तुम्ही काही पाहिलं?”

“मी काय पाहीन भाऊ,” चुलीतलं लाकूड मागे ओढत त्या म्हणाल्या. “दिवा शांत केला अन् निजली. मले काय समजते त्या वही-पुस्तकातलं? पोट्टीनं सकाळपासून पाणी नाही घेतलं तोंडात. तिले काही सांगा.”

शरयू अजून देवघराच्या भिंतीशीच होती. नीळकंठराव तिच्याकडे गेले. इतक्यात तीच उठली. डोळे मोठे झाले होते.

“काका! डिक्शनरी! मी प्रत्येक शब्दापाशी पेन्सिलीचं टिंब केलं आहे. सारे शब्द त्याच्यात आहेत. आता बसलो तर साडेचारपर्यंत नवी वही उतरवून होते. तुम्ही सांगा, मी लिहिते!”

नीळकंठरावांनी छत्री घेतली नाही, चपला उलट्यासुलट्या घातल्या आणि ते भर गल्लीतून पळाले.

३

उद्धव मास्तर शाळेच्या खोलीत टेबलाशी बसले होते. पुढ्यात डिक्शनरी उघडी आणि हातात रबर.

“मास्तर, काय करून राह्यले?”

“टिंबं पुसतो आहे,” मास्तर सरळपणे म्हणाले. “सोमवारी इन्स्पेक्टर येणार. शाळेच्या पुस्तकात पेन्सिलीच्या खुणा दिसल्या तर माझी खैर नाही. कालपासून बसलो आहे, आता शेवटची वीसेक पानं राहिली.”

नीळकंठराव बाकावर मटकन बसले. राख उकरत बसण्याऐवजी आपण आधी इथं यायला हवं होतं, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं. मग त्यांनी वही गेल्याचं सांगितलं. मास्तरांनी हातातलं रबर खाली ठेवलं.

“माझ्यावर संशय येईल,” ते म्हणाले. “येणारच. प्रतिमाची यादी माझ्याच हातून गेली. पण ती सोमवारीच गेली हो. ही रजिस्टरची पावती. दोन हजारांवर शब्द नाहीत तिच्या यादीत. शरयूच जिंकणार हे मी प्रतिमाला तोंडावर सांगितलं आहे.”

पावती खरी होती. शिक्का नीळकंठरावांना चांगला ओळखीचा. पण पावतीनं एवढंच सिद्ध होत होतं की मास्तरांना वही उतरवून घ्यायची गरज नव्हती. ती नाहीशी व्हावी अशी गरज असू शकत होती. आणि खुणा पुसायचा योग तरी नेमका आजच कसा आला?

त्यांनी डिक्शनरी जवळ ओढली. शेवटच्या पानांवर उरलेल्या टिंबांचा काही उपयोग नव्हता. ते मागे मागे पानं उलटत गेले. पेन्सिल नाहीशी झाली होती, कागद तेवढा रबरानं मऊ पडलेला. आणि एका पानावर त्यांचं बोट अडखळलं.

पान उजेडाकडे तिरपं धरलं. शब्दाशेजारी चंद्रकोरीसारखी एक बारीक खूण होती, नखानं दाबून केलेली. पुढच्या शब्दाला तशीच. त्या पानावर अकरा खुणा होत्या, पुढच्यावर नऊ. असं पंधरा-वीस पानं चाललं, मग बंद. मग साठेक पानं नुसती रबरानं मऊ झालेली, आणि पुन्हा नखाच्या खुणा.

“या पानांवर पेन्सिल होती?”

“नव्हती,” मास्तर म्हणाले. “मला वाटलं इथं तिनं आळस केला.”

आळस कुठला! नीळकंठरावांनी एक पान शब्द न् शब्द तपासलं. तिन्ही अक्षरं असलेला एकही शब्द सुटला नव्हता, आणि नसलेल्या एकालाही खूण नव्हती. शरयूच्या यादीला दुसराही हात लागलेला होता आणि त्या हाताबद्दल आजवर कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

४

“त्या खुणा आत्याच्या,” शरयू हळूच म्हणाली. तिनं बाप ओसरीवर आहे ना, हे आधी पाहून घेतलं. “बाबांना सांगू नका.”

“सत्यभामाबाईंना वाचता येते?”

“मराठीसुद्धा येत नाही. पण त्या चार दिवसांत मी बाहेर बसते. पुस्तकाले शिवणं नाही. दर महिन्याला चार दिवस फुकट गेले असते. मग मी अंगणाच्या मातीत तिला तीन अक्षरं काढून दाखवली. अर्थ कशाला लागतो काका? ही तीन चित्रं एका ओळीत दिसली की नख दाबायचं, एवढंच. मी दूर बसायची, ती पुस्तक घेऊन उंबऱ्यात.” शरयूच्या तोंडावर सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी हललं. “माझे शब्द सुटतात, तिचे सुटत नाहीत. मला वाचता येतं म्हणून माझी नजर पळते. ती एकेका अक्षरापाशी थांबते.”

नीळकंठरावांनी मनाशी सत्यभामाबाईंचं नाव खोडून टाकलं. त्या वहीत त्यांचीही मेहनत होती. स्वतःचं केलेलं असं कोण नाहीसं करील? आयुष्यात त्यांनी केलेल्या चुकांमध्ये ही मोठी होती, पण ती करताना त्यांना फार बरं वाटलं होतं.

साडेदहा वाजले. त्यांनी घर सगळं धुंडाळलं. माळा, कणगी, गाद्यांची वळकटी, गोठ्यातली गव्हाण. वही दाराबाहेर गेली असेल तर ती फक्त मास्तरांसोबत. पण मास्तर काल सदऱ्यावर होते, डिक्शनरी उघड्या हातात धरून गेले, हे महादेवरावांनीच पाहिलं होतं. एवढी मोठी वही ते लपवणार कुठं? वही बाहेर गेली नाही, जळली नाही, घरात नाही. मग एकच जागा राहत होती आणि तिचा विचार नीळकंठराव सकाळपासून टाळत होते.

मागच्या अंगणातली विहीर. तिथं जायला स्वयंपाकघरातून जावं लागे.

विहिरीत पडलेल्या घागरी-बादल्या काढून देणारा कडूबा बोलावला. त्यानं गळ सोडला, दोर हातात खेळवला, मान हलवली.

“घागर नाई हे. मऊ लागून राह्यलं काहीतरी. वजन मात्र हाय.”

दुसऱ्या खेपेला गळ अडकला. कडूबा ओढू लागला आणि पाण्यातून एक पांढरं गाठोडं वर आलं. पाण्याबरोबर त्यातून निळा रंग गळत होता. शरयू काठाला धरून वाकली होती. तिला कोणी मागे ओढलं नाही, कारण ओढायचं सुचलंच नाही कोणाला.

५

धुवट फडकं होतं. वहीसोबत वजनाला एक दगड बांधलेला. नीळकंठरावांनी गाठ सोडली, वही उघडली. पुडीची शाई ती, रात्रभर पाण्यात राहून साफ विरघळली होती. पानामागून पान नुसतं फिकट निळं. कुठं एखादी रेघ, कुठं अर्धा वळसा. तीन महिन्यांतला एकही शब्द वाचता येत नव्हता.

“चला, मिटलं,” महादेवराव पुटपुटले, आणि बोलल्यावर त्यांनाच कसंसं झालं असावं, कारण ते लगेच आत गेले.

शरयू त्यांच्या पाठीकडे बघत होती. “बाबांनीच केलं,” ती म्हणाली. “काका, मला नाव पाहिजे. तुमच्या तोंडून पाहिजे. ते असतील तर मी लग्नाला उभी राहीन, पण या घराचं पाणी पुन्हा पिणार नाही.”

ती गेली. नीळकंठराव विहिरीच्या कठड्यावर तसेच बसून राहिले आणि गाठोड्यात आणखी काय आहे ते पाहू लागले. वहीच्या पुठ्ठ्याला चिकटलेली तुळशीची मंजिरी. खोबऱ्याचा तुकडा; त्याच्याबरोबर साखर ठेवतात, ती केव्हाच विरघळली असणार. पुठ्ठ्याच्या मधोमध बोटानं ओढलेला गंधाचा पट्टा, अर्धा धुतलेला.

चोरानं वहीची पूजा केली होती. देवाची जुनी तसबीर, फाटकी पोथी जशी पाण्यात सोडतात, तशी वाटेला खोबरं-साखर देऊन सोडली होती. रागावलेला बाप असं करत नाही. डाव साधणारा मास्तरही करत नाही. आणि तसं करायला दोघांपैकी कोणी धजलाच असता, तर तो एक गोष्ट विसरला नसता. महादेवराव रोज गंधामागोमाग कुंकू वाहतात. शरयू तर आधी हळदकुंकूच वाहील. ते हाताचं वळण आहे, विचार करून होत नाही. कुंकू पाण्यात गेलं तरी कापडावर तांबडा डाग ठेवून जातं. नीळकंठरावांनी ते फडकं दोन्ही बाजूंनी, उन्हात धरून पाहिलं. त्यावर निळा रंग होता, गंधाचा पिवळसर होता, तांबड्याचा ठिपकासुद्धा नव्हता.

या घरात कुंकवाला हात न लावणारं माणूस एकच होतं.

त्यांना कोडं सुटल्यावर जे समाधान नेहमी होई ते क्षणभर झालं. लगेच ते त्यांना नकोसं झालं. ते उठले आणि पडवीत गेले. सत्यभामाबाई तांदूळ निवडत होत्या. नीळकंठरावांनी ओलं फडकं त्यांच्यापुढे ठेवलं.

“कुंकू राहिलं,” ते म्हणाले.

सत्यभामाबाईंनी फडक्याकडे पाहिलं. सूप खाली ठेवलं.

“मी कशी वाहीन?” त्या म्हणाल्या. “हाव भाऊ. म्याच सोडली. तुम्ही सारे निजले तवा.”

“काऊन पण? निम्मी मेहनत तुमची होती!”

“होती नं. म्हणूनच.” त्यांचा आवाज शांत होता, आणि ते ऐकणं नीळकंठरावांना जड गेलं. “अकराव्या वर्षी माहं सारं सरलं. तवापासून या घरात मले दोनच गोष्टी विचारतात. भात झाला का, अन् पाणी तापलं का. ह्या पोट्टीनं मले तीन अक्षरं देल्ली. एक पोटवालं, एक कोंब फुटलेलं अन् एक खुंटीसारखं. मले एक सापडलं का ती लांबून टाळी वाजवे. तिचे चार दिवस कधी येतात, याची मी वाट पाहो. काल दिवा लावला अन् ती म्हणे, आत्या, आपण जिंकलो, मी आता नागपूरले जाते. तवा मले समजलं. तिले धाडून कोण राह्यलं? मीच. माह्याच नखानं.”

“तिचं शिक्षण होतं ते, सत्यभामाबाई. तिचं आयुष्य होतं.”

“तिकडं गेली तर ते शिकलेलं लेकरू माह्याजवळ कायले येते? मालधक्क्यावाल्याचं घर दोन गल्ल्या सोडून आहे. सणावाराले येईन, सोमवारी देवळात भेटीन. म्या तिचं वाईट नाही चिंतलं हो. फक्त जवळ ठेवलं.”

“मग जाळायची होती. एवढं गंध, खोबरं कशाले?”

सत्यभामाबाईंनी प्रथमच मान वर केली. त्यांना तो प्रश्नच विचित्र वाटला होता.

“अक्षर कुठी जाळतात काय?” त्या म्हणाल्या.

६

साडेचारला डाक बंद झाली. पाचच्या सुमाराला गाडी गेल्याची शिट्टी ऐकू आली आणि त्या घरात कोणीही कोणाकडे पाहिलं नाही.

नीळकंठराव ओसरीवर बसले होते. सांगावं की नाही, एवढाच प्रश्न होता. न सांगावं तर पोरगी बापाला जन्मभर गुन्हेगार समजणार, आणि बाप काही फार भला नसला तरी या गुन्ह्यात त्याचा हात नव्हता. सांगावं तर तिचं या जगात एकच माणूस होतं, तेही जाणार. असल्या वेळी काय करावं हे टपालखात्यात कोणी शिकवलं नव्हतं.

महादेवराव हातात चिठ्ठी घेऊन आले. “मुलाकडून आली,” ते म्हणाले. बऱ्याच वेळानं त्यांना बोलायला एक साधा विषय मिळाला होता. “त्याची बदली झाली, इटारसीले. म्हणतात, वैशाखाच्या पहिल्याच मुहूर्तावर उरकून टाका. लग्नानंतर आठ दिवसांत बिऱ्हाड हलवतो.”

“घरात सांगितलं?”

“आता सांगतो. ताई!” त्यांनी आत हाक मारली आणि चिठ्ठी वाचून दाखवली. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती ती थांबली. सत्यभामाबाई बाहेर आल्या नाहीत. थोड्या वेळानं पुन्हा भांडी वाजू लागली.

आता तर सांगू नये, असं नीळकंठरावांना वाटलं. या बाईला आणखी शिक्षा ती काय उरली? पण रात्री जेवणाच्या वेळी शरयू दारात येऊन उभी राहिली. बापाच्या ताटात वाढायचं नाकारून आली होती. महादेवराव आतून ओरडत होते आणि ती त्यांच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघत होती.

“काका, नाव.”

त्यांनी सांगितलं. कुंकवाचं सांगितलं, गंधाचं सांगितलं, दोन गल्ल्यांचंही सांगितलं. तिला दया यावी म्हणून शेवटचं जरा जास्तच सांगितलं. शरयूनं मधे एकदाही थांबवलं नाही.

“तुमची चूक तर नाही ना होत?” शेवटी तिनं विचारलं.

आयुष्यभर आपली चूक होत नाही याचा नीळकंठरावांना केवढा अभिमान! त्या घडीला त्यांनी आपली एकतीस वर्षं देऊन टाकली असती, आपण चुकलो असं कोणी सिद्ध केलं असतं तर.

“नाही बाई,” ते म्हणाले.

शरयू आत गेली. तिनं बापाला जेवायला वाढलं. आत्यानं भाकरी पुढे केली ती तिच्या हातातून न घेता खाली ठेवायला लावून उचलली.

लग्न वैशाखात झालं. प्रतिमाचा स्पर्धेत तिसरा नंबर आल्याचं उद्धव मास्तरांनी मांडवात कोणालाही सांगितलं नाही, आणि तेवढ्याबद्दल नीळकंठरावांनी त्यांना मनातून हात जोडले. शरयू सगळ्यांच्या पाया पडली. वडिलांच्या पडली, मास्तरांच्या पडली, नीळकंठरावांच्या पडली. विधवेनं मंगलकार्यात पुढे यायचं नसतं. नवरीनंच निघायच्या आधी मागच्या दारी जाऊन तिला नमस्कार करून यायचा, अशी रीत. शरयू मागच्या दारी गेली नाही. दमणीत बसली, बैल हलले, बायका डोळे पुसत दारापर्यंत गेल्या. इतक्या गर्दीत एक नमस्कार राहिला हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

नीळकंठरावांच्या आलं. ते मांडवाला वळसा घालून मागे गेले. सत्यभामाबाई कोठीच्या अर्धवट लोटलेल्या दाराआड उभ्या होत्या. पदर कपाळावर नीट ओढलेला, हातात ओटीतला एक नारळ, जो त्यांनी स्वतः द्यायची रीत नव्हती, पण कोणीतरी नेऊन शरयूला देईल असं त्यांना वाटत असावं.

“गेली काय, भाऊ?”

“गेली.”

“मले काही म्हणाली?”

खोटं बोलणं अवघड नव्हतं. दोन शब्द पुरले असते, आणि ते खरे की खोटे हे विचारायला इटारसीहून कोणी येणार नव्हतं. नीळकंठरावांनी त्या नारळाकडे पाहिलं.

“नाही,” ते म्हणाले.